लोहमार्गाच्या पुढची वाट
उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसरातील बस वाहतूक

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही नावे महाराष्ट्रातील बहुतेकांना प्रथम परिचित होतात ती मध्य रेल्वेवरील स्थानकांची नावे म्हणून. १ मे १८५४ रोजी आगगाडी ठाण्याहून कल्याणला पोहोचली. पुढे १८५६ साली कल्याणहून बोरघाटाच्या पायथ्याकडे लोहमार्ग टाकला गेला आणि उल्हास नदीच्या खोऱ्यातील या भूभागाचे भवितव्य रेल्वेशी कायमचे जोडले गेले. आज या तीनही शहरांतील लक्षावधी नागरिक पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत उपनगरी गाड्यांनी मुंबई-ठाण्याकडे ये-जा करीत असतात. त्यामुळे येथील वाहतुकीचा विचार म्हणजे लोकलगाडीचा विचार, असे समीकरण होऊन बसले आहे.

तथापि या समीकरणात एक मोठी उणीव आहे. रेल्वे प्रवाशाला स्थानकापर्यंत आणून सोडते. त्याचे घर, कारखाना, महाविद्यालय किंवा रुग्णालय स्थानकात नसते. शिवाय लोहमार्ग ज्या दिशेला जातो त्याच दिशेला प्रत्येकाला जायचे असते असेही नाही. स्थानक आणि घर यांच्यामधील अंतर, एका लोहमार्गापासून दुसऱ्या लोहमार्गापर्यंतचे अंतर आणि जेथे लोहमार्गच नाही अशा गावांचे अंतर, ही तीन अंतरे तोडण्याचे काम रस्त्यावरील सार्वजनिक वाहनाने, म्हणजेच बसने करावयाचे असते. ते काम किती महत्त्वाचे आहे, ते कशाने साधते आणि कशाने अडते, याचा परामर्श घेण्याचा हा प्रयत्न आहे.

छावणीतून उभे राहिलेले शहर

उल्हासनगरची जडणघडण समजून घेतल्याखेरीज येथील वाहतुकीचा प्रश्न समजणार नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ सैनिकांसाठी मोठी छावणी उभारण्यात आली होती. १९४७ साली देशाची फाळणी झाली आणि सिंध प्रांतातून आलेल्या निर्वासित बांधवांची सोय या रिकाम्या छावणीत करण्यात आली. आपले घरदार, शेतीवाडी आणि व्यापार मागे टाकून आलेल्या या कुटुंबांनी लष्करी बराकींमध्ये नव्याने संसार मांडले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीची कोनशिला बसविण्यात आली आणि तिला 'उल्हासनगर' हे नाव मिळाले. १९९६ साली येथे महानगरपालिका स्थापन झाली.

छावणी गेली, पण छावणीची भाषा राहिली. शहराचे पाच भाग आजही कॅम्प एक ते कॅम्प पाच या नावांनीच ओळखले जातात. पत्त्यात बराकीचा आणि सेक्शनचा क्रमांक लिहिण्याची पद्धतही टिकून आहे. लोहमार्गाने शहराचे दोन भाग केले आहेत. पश्चिमेकडे कॅम्प एक, दोन व तीन, तर पूर्वेकडे कॅम्प चार व पाच. कॅम्प दोनमधील नेहरू चौक आणि गजानन मार्केट येथील कापडबाजार सर्व जिल्ह्यात प्रसिद्ध आहे. लग्नसराईत आणि दिवाळीच्या दिवसांत लांबलांबच्या गावांतील कुटुंबे येथे खरेदीसाठी येतात. कापडाची गाठोडी, पिशव्या आणि लेकुरवाळ्या आया अशी ही गर्दी स्थानकापासून बाजारापर्यंत आणि बाजारापासून स्थानकापर्यंत कशी जाते, हा केवळ सोयीचा नव्हे, तर बाजारपेठेच्या अर्थकारणाचाही प्रश्न आहे.

छावणीची आखणी सैन्याच्या गरजेनुसार झाली होती. पाच लाख वस्तीच्या शहरासाठी ती झालेली नव्हती. २०११ च्या जनगणनेनुसार उल्हासनगरची लोकसंख्या ५,०६,०९८ होती आणि ही वस्ती सुमारे तेरा चौरस किलोमीटर एवढ्याच क्षेत्रात सामावलेली आहे. त्याच जनगणनेत अंबरनाथची लोकसंख्या २,५३,४७५, तर कुळगाव-बदलापूरची १,७४,२२६ इतकी नोंदली गेली. बदलापूरची लोकसंख्या २००१ साली लाखाच्याही आत होती, हे ध्यानात घेतले म्हणजे वाढीचा वेग लक्षात येतो. अशा दाट वस्तीत प्रत्येकाने स्वतःचे वाहन रस्त्यावर आणावयाचे ठरविले, तर रस्ता वाहनांसाठी अपुरा पडेलच, शिवाय पायी चालणाऱ्यालाही जागा उरणार नाही.

'सर्वांसाठी' असलेले वाहन

'बस' हा शब्द आता मराठीच झाला आहे. तो 'ऑम्निबस' या शब्दाचे संक्षिप्त रूप असून मूळ लॅटिन भाषेत त्याचा अर्थ 'सर्वांसाठी' असा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रान्समध्ये आणि नंतर लंडनमध्ये घोड्यांनी ओढल्या जाणाऱ्या या सार्वजनिक गाड्या सुरू झाल्या. ठराविक मार्ग, ठराविक भाडे आणि कोणालाही प्रवेश, ही तीन तत्त्वे तेव्हा रूढ झाली व आजही बससेवा याच तीन तत्त्वांवर उभी आहे. मुंबईत १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर पहिली बस धावली. पुढे ट्रामगाड्या ३१ मार्च १९६४ रोजी बंद झाल्यानंतर मुंबईच्या रस्त्यांवरील सार्वजनिक वाहतुकीचा सारा भार 'बेस्ट'च्या बसगाड्यांनीच उचलला.

ग्रामीण महाराष्ट्रात बसचे युग आणले ते एस.टी.ने. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, या मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी सुटली. बेडफर्ड बनावटीची, लाकडी सांगाड्याची ती गाडी होती. तत्पूर्वी खाजगी मोटारमालक मन मानेल तसे भाडे आकारीत आणि गाडी भरेपर्यंत ती सोडीत नसत. गाडी भरो वा न भरो, वेळेवर सुटेल. गावात दहा प्रवासी असोत वा दोन, तेथे जाईल, हे आश्वासन एस.टी.ने दिले. 'बहुजन हिताय, बहुजन सुखाय' हे तिचे ब्रीद ऑम्निबसच्या मूळ अर्थाशी किती जुळते, हे वेगळे सांगावयास नको. १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याने या सेवेला वैधानिक अधिष्ठान दिले आणि महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १९६१ साली महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ आजच्या स्वरूपात कार्यरत झाले. सुमारे अडीचशे आगारांच्या जाळ्यातून महामंडळाच्या गाड्या आज राज्याच्या कानाकोपऱ्यांत पोहोचतात. उल्हासनगर परिसराला सेवा देणारे विठ्ठलवाडी आगार हे महामंडळाच्या ठाणे विभागातील आगारांपैकी एक होय.

बसची तीन कामे

या परिसरात बस तीन प्रकारची कामे करते, किंवा तिने ती करावीत अशी अपेक्षा आहे.

पहिले काम स्थानकाला पूरक ठरण्याचे. उल्हासनगर स्थानकावर लोकल थांबली की काही मिनिटांत शेकडो प्रवासी एकाच वेळी बाहेर पडतात. त्यांतील काही पायी जातात, काही भागीदारीत रिक्षा करतात. भागीदारीतील रिक्षा हे या शहरांचे दैनंदिन वास्तव आहे. अरुंद गल्लीत, बराकींच्या रांगांमधून, मध्यरात्री वा पहाटे, तीच उपयोगी पडते. म्हणून रिक्षा आणि बस यांना परस्परांचे शत्रू मानण्याचे कारण नाही. रिक्षाचे क्षेत्र गल्ली आहे, बसचे क्षेत्र हमरस्ता. हमरस्त्यावर मात्र बसला पर्याय नाही. रिक्षात नियमाप्रमाणे तीन प्रवासी बसतात. चाळीस प्रवाशांसाठी चौदा रिक्षा लागतील. चौदा रिक्षा एकामागोमाग उभ्या केल्या तर चौकापासून चौकापर्यंत रांग लागते. तेच चाळीस प्रवासी एका बसमध्ये बसून जातात आणि ती बस रस्त्यावर दोन-तीन मोटारींएवढीच जागा घेते.

दुसरे काम म्हणजे जेथे लोहमार्ग आडवा जात नाही तेथे आडवा दुवा साधण्याचे. कल्याणपाशी लोहमार्गाला दोन फाटे फुटतात. एक शहाडवरून कसाऱ्याकडे, दुसरा विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर मार्गे कर्जतकडे. या दोन फाट्यांच्या बेचक्यात उल्हासनगर वसले आहे. बदलापूरच्या रहिवाशाला लोकलने शहाड वा टिटवाळ्याला जावयाचे असेल, तर त्याला कल्याणला जाऊन गाडी बदलावी लागते. नवी मुंबईकडे जाणाऱ्याला ठाण्यापर्यंत जाऊन तेथून वाशीकडील गाडी धरावी लागते, म्हणजे एका कोनाच्या दोन भुजा फिरून यावे लागते. रस्त्याने मात्र काटई आणि तळोजाच्या बाजूने सरळ जाता येते. मुरबाडचा तर प्रश्नच वेगळा. तेथे रेल्वे पोहोचलेली नाही. मुरबाड, तेथून माळशेज घाटामार्गे जुन्नर आणि अहिल्यानगर या सर्व भागांचा कल्याण परिसराशी असलेला संबंध रस्त्यावरच, आणि सामान्य माणसाच्या बाबतीत एस.टी.वरच, अवलंबून आहे. मुरबाड तालुक्यातील भाजी विकणारी बाई, उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात उपचारासाठी येणारा आदिवासी पाड्यावरील रुग्ण, आश्रमशाळेतून पुढे महाविद्यालयात दाखल झालेला विद्यार्थी, या सर्वांसाठी बस हे प्रवासाच्या अनेक साधनांपैकी एक साधन नसून एकमेव साधन असते.

तिसरे काम लांब पल्ल्याचे. उल्हासनगर हे सिंधी बांधवांचे शहर म्हणून ओळखले जात असले, तरी येथे व शेजारच्या अंबरनाथ-बदलापुरात कोकण, पश्चिम महाराष्ट्र, खानदेश आणि मराठवाड्यातून आलेली कष्टकरी कुटुंबेही मोठ्या संख्येने स्थायिक झाली आहेत. अंबरनाथमधील आयुधनिर्माणी, आगपेटीचा कारखाना, शहाडची रेयॉन गिरणी आणि १९६२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची अंबरनाथ येथील वसाहत यांनी या कुटुंबांना एकेकाळी येथे खेचून आणले. गणेशोत्सव, होळी आणि उन्हाळी सुट्टीत ही माणसे गावाकडे निघतात. कोकणात जाणाऱ्या चाकरमान्यांसाठी आणि आषाढी वारीसाठी महामंडळ दरवर्षी हजारो जादा गाड्यांची सोय करते. राज्यभरातील आगारांतून गाड्या व कर्मचारी एकत्र आणून ही वाहतूक केली जाते. नेहमीच्या फेऱ्या चालू ठेवून काही दिवसांपुरती एवढी मोठी व्यवस्था उभी करणे सोपे नाही.

रेल्वे थांबते तेव्हा

एखाद्या व्यवस्थेची खरी परीक्षा अडचणीच्या प्रसंगी होते. या परिसराने तसे दोन प्रसंग गेल्या काही वर्षांत अनुभवले आहेत.

पहिला प्रसंग २०१९ सालातील. २६ जुलैच्या रात्री मुंबईहून कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणी या स्थानकांच्या दरम्यान उल्हास नदीच्या पुराच्या पाण्यात अडकून पडली. २७ जुलै रोजी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल, स्थानिक प्रशासन आणि परिसरातील ग्रामस्थ यांच्या प्रयत्नांनी गाडीतील सुमारे एक हजार पन्नास प्रवाशांची सुखरूप सुटका झाली. बोटींतून बाहेर काढलेल्या या प्रवाशांना पुढे सुरक्षित ठिकाणी नेण्याचे काम बसगाड्यांनीच केले. मग कल्याणहून विशेष गाडीने त्यांना कोल्हापूरकडे रवाना करण्यात आले. लोहमार्ग पाण्याखाली गेला असता बोट आणि रेल्वे यांच्यामधील दुवा बसच झाली.

दुसरा प्रसंग अधिक दीर्घ आणि अधिक कसोटीचा. मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे मुंबईची उपनगरी रेल्वे पूर्णतः थांबली. महायुद्धातही न थांबलेली लोकल थांबली. पण रुग्णालये थांबू शकत नव्हती. मुंबईतील रुग्णालयांत काम करणाऱ्या परिचारिका, वॉर्डबॉय, सफाई कामगार, महापालिकेचे कर्मचारी आणि पोलीस यांच्यापैकी फार मोठा वर्ग बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण, डोंबिवली, टिटवाळा, आसनगाव, पनवेल, नालासोपारा, विरार अशा दूरच्या उपनगरांत राहतो, कारण मुंबईत घर घेणे त्यांना परवडत नाही. या कर्मचाऱ्यांना कामावर नेण्यासाठी एस.टी.च्या गाड्या दूरच्या उपनगरांतून मुंबईकडे धावू लागल्या. 'बेस्ट'नेही या कामी मोठा वाटा उचलला. १५ जून २०२० पासून अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांपुरती लोकल सुरू झाली, परंतु इतर नागरिकांना ती पुढे कित्येक महिने बंदच राहिली. १ फेब्रुवारी २०२१ पासून ठराविक वेळांत सर्वांना प्रवेश मिळाला, दुसऱ्या लाटेत तो पुन्हा बंद झाला आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून लसीच्या दोन्ही मात्रा घेतलेल्यांसाठी खुला झाला. या सर्व काळात ज्यांना लोकल नव्हती त्यांना रस्ताच होता. पहाटे काळोखात बदलापूरहून निघून दोन-अडीच तासांच्या प्रवासानंतर मुंबईच्या रुग्णालयात पोहोचणारी परिचारिका आणि तिला घेऊन जाणारे चालक-वाहक, या दोघांचीही त्या साथीच्या इतिहासात नोंद व्हावयास हवी. मे २०२० मध्ये परराज्यांतील मजुरांना राज्याच्या सीमेपर्यंत विनामूल्य पोहोचविण्याचे कामही एस.टी.ने केले. या सेवेत महामंडळाच्या अनेक कर्मचाऱ्यांना साथीची बाधा झाली आणि कित्येकांना प्राणास मुकावे लागले, हे विसरून चालणार नाही.

या दोन्ही प्रसंगांवरून एक निष्कर्ष निघतो. संकटकाळी उपयोगी पडणारी बस संकटकाळी निर्माण करता येत नाही. गाड्या, आगारे, प्रशिक्षित चालक आणि वेळापत्रक बनविणारे अनुभवी कर्मचारी हे सारे नेहमीच्या दिवसांत जतन केलेले असेल, तरच ते ऐनवेळी हाताशी येते.

बससेवेचे गणित

बस वेळेवर का येत नाही, हा प्रश्न थांब्यावर उभ्या असलेल्या प्रत्येक प्रवाशाच्या मनात येतो. त्याचे उत्तर साध्या अंकगणितात आहे. समजा, एखाद्या मार्गावर जाऊन परत येण्यास साठ मिनिटे लागतात आणि प्रवाशांना दर दहा मिनिटांनी बस हवी आहे. साठ भागिले दहा म्हणजे सहा. या मार्गास सहा गाड्या लागतील. आता रस्त्यावर बेशिस्तपणे उभी केलेली वाहने, खोदकाम आणि चौकातील कोंडी यांमुळे फेरीस साठऐवजी नव्वद मिनिटे लागू लागली, तर दहा मिनिटांचे अंतर टिकविण्यासाठी नऊ गाड्या हव्यात. त्या नसतील तर सहाच गाड्यांत बस दर पंधरा मिनिटांनी येईल. म्हणजे प्रवासी एकही वाढला नाही, मार्ग एक पाऊलही लांबला नाही, तरी खर्च दीडपट झाला किंवा सेवा तेवढ्या प्रमाणात घटली. रस्त्यावर वाहन उभे करून दुकानात शिरणारा मनुष्य पाच मिनिटांसाठीच थांबतो. पण त्याच्यामागे अडकलेल्या बसमधील चाळीस जणांचे प्रत्येकी पाच मिनिटांप्रमाणे दोनशे मिनिटे, म्हणजे तीन तासांहून अधिक वेळ, वाया जातो.

या गणिताचा पुढचा टप्पा असा. बस उशिरा येऊ लागली की थांब्यावर गर्दी साठते. गर्दी चढण्यास वेळ लागतो, म्हणून ती बस आणखी उशीर करते. तिच्यामागून येणारी बस रिकाम्या थांब्यांवरून झपाट्याने पुढे येते आणि अखेर दोन गाड्या एकामागोमाग धावू लागतात. पहिली खच्चून भरलेली, दुसरी रिकामी. 'तासभर बस नाही आणि आल्या तर दोन एकदम' ही प्रवाशांची नेहमीची तक्रार चालकाच्या लहरीमुळे नव्हे, तर या कारणाने निर्माण होते. कंटाळलेला प्रवासी रिक्षा पकडतो किंवा कर्ज काढून दुचाकी घेतो. बसचे प्रवासी घटतात, उत्पन्न घटते, फेऱ्या कमी होतात आणि फेऱ्या कमी झाल्या म्हणून आणखी प्रवासी सोडून जातात. हे दुष्टचक्र अनेक नगर बससेवांच्या ऱ्हासाचे मूळ आहे.

एस.टी.च्या परिभाषेत 'भारमान' हा शब्द नेहमी येतो. उपलब्ध आसनांपैकी किती भरली, याचे ते प्रमाण. इंधनाच्या दृष्टीनेही त्याला महत्त्व आहे. डिझेलवर चालणारी मोठी बस एका लिटरमध्ये साधारणपणे चार ते पाच किलोमीटर जाते. तीत चाळीस प्रवासी असतील तर एका लिटरमध्ये एकशे साठ ते दोनशे प्रवासी-किलोमीटर इतके काम होते. तीच बस दहा प्रवाशांनिशी धावली तर हे काम चाळीस-पन्नासवर येते, म्हणजे एकट्या माणसाच्या मोटारसायकलइतके. बस आपोआप काटकसरीची ठरत नाही. ती भरलेली असली तरच ठरते. मात्र भारमानाच्या एकाच निकषावर फेऱ्या ठेवणे वा बंद करणे योग्य नव्हे. पाड्यावरून सकाळी शाळेच्या वेळी सुटणारी गाडी अर्धी रिकामी असली, तरी तीत बसलेल्या वीस मुलींचे शिक्षण तिच्यावर अवलंबून असते. धंद्याचा हिशेब आणि समाजाचा हिशेब यांचा मेळ घालणे, हीच सार्वजनिक वाहतुकीची खरी कसोटी आहे.

सवलतींचा अर्थ

या सामाजिक हिशेबाचा भाग म्हणून शासनाने एस.टी. प्रवासात अनेक घटकांना सवलती दिल्या आहेत. विद्यार्थ्यांना मासिक पास, ग्रामीण भागातील विद्यार्थिनींना शाळेसाठी विनामूल्य पास, दिव्यांगांना सवलत या योजना पूर्वीपासूनच्या आहेत. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठ नागरिकांना एस.टी.चा प्रवास विनामूल्य झाला. ६५ ते ७५ वयोगटाला निम्मे भाडे आहे. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी.च्या सर्व प्रकारच्या गाड्यांत तिकीटदरात पन्नास टक्के सवलत मिळू लागली. या सवलतींची भरपाई शासन महामंडळाला करते. २५ जानेवारी २०२५ पासून भाड्यात १४.९५ टक्के वाढ झाली. अशा वेळी या सवलतींचा आधार विशेष जाणवतो.

सवलतीचा लाभ केवळ पैशाच्या बचतीपुरता नसतो. घरातील एकमेव दुचाकी बहुधा पुरुषाच्या हाती असते. स्त्रीचा प्रवास घरापासून शाळा, शाळेपासून बाजार, बाजारातून दवाखाना अशा तुकड्यांचा आणि बहुतेक वेळा मुलाला कडेवर घेऊन केलेला असतो. ज्या शहरात बस स्वस्त, नियमित आणि सुरक्षित असते, त्या शहरात स्त्री दूरच्या नोकरीचाही विचार करू शकते. बस नसेल तर चालत जाता येईल एवढ्याच अंतरातील, आणि म्हणून कमी वेतनाचे, काम तिला पत्करावे लागते. घराजवळचा थांबा किती वाजेपर्यंत जागा असतो, यावर एखाद्या मुलीने संध्याकाळच्या वर्गाला जावे की नाही, हे ठरते.

नगर बसचे चढउतार

शहरांतर्गत बससेवा ही स्थानिक स्वराज्य संस्थांची जबाबदारी मानली जाते. मुंबई परिसरात ठाण्याची परिवहन सेवा १९८९, नवी मुंबईची १९९६ आणि कल्याण-डोंबिवलीची १९९९ साली सुरू झाली. राज्यातील अनेक शहरांत नगर वाहतूक दीर्घकाळ एस.टी.नेच सांभाळली, नाशिकमध्ये तर जुलै २०२१ मध्ये महापालिकेची सेवा सुरू होईपर्यंत ती एस.टी.कडेच होती. उल्हासनगर महापालिकेनेही खाजगी ठेकेदारामार्फत बससेवा सुरू केली होती. परंतु ती काही वर्षे चालून बंद पडली. त्यानंतरच्या मोठ्या खंडानंतर २०२४ साली विजेवर चालणाऱ्या गाड्यांनिशी शहराची परिवहन सेवा पुन्हा सुरू करण्यात आली.

विजेवरील बस धूर सोडत नाही आणि तिचा आवाजही कमी असतो. दाट वस्तीच्या शहरात या दोन्ही गोष्टींना मोल आहे. नगर बसला वारंवार थांबावे लागते आणि प्रत्येक वेळी ब्रेक लावताना ऊर्जा वाया जाते. विजेच्या बसमध्ये या ऊर्जेचा काही भाग पुन्हा बॅटरीत साठविला जातो; म्हणून थांबत-थांबत चालणाऱ्या मार्गांना ती विशेष मानवते. खरेदीची किंमत जास्त असली तरी तिचा चालविण्याचा खर्च कमी असतो. अशा गाड्या बहुधा ठेकेदार पुरवितो आणि त्याला किलोमीटरमागे ठरलेली रक्कम दिली जाते. महामंडळानेही १ जून २०२२ रोजी, आपल्या पहिल्या गाडीच्या वर्धापनदिनी, पुणे ते अहमदनगर याच मार्गावर 'शिवाई' ही विजेवरील बस सुरू केली. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र शासनाने देशातील शहरांसाठी दहा हजार विद्युत बसगाड्यांच्या योजनेस मान्यता दिली.

तथापि गाडी नवी आली म्हणजे सेवा टिकलीच असे नाही. पूर्वीच्या अनुभवावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. किलोमीटरमागे द्यावयाची रक्कम आणि तिकिटातून मिळणारे उत्पन्न यांत तफावत राहणारच. ती भरून काढण्यासाठी अंदाजपत्रकात दरवर्षी निश्चित तरतूद हवी. रस्ते आणि पथदिवे यांवरील खर्चाला आपण तोटा म्हणत नाही. मग बसवरील खर्चालाच तोटा का म्हणावे? दुसरी गोष्ट अशी की, शहराची हद्द आणि प्रवाशाची गरज एक नसते. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर आणि कल्याण ही शहरे एकमेकांना इतकी लागून आहेत की रस्त्यावर एक कोठे संपते आणि दुसरे कोठे सुरू होते, हे परक्याला कळत नाही. कॅम्प दोनमध्ये दुकानात काम करणारा मनुष्य अंबरनाथला राहतो आणि त्याची मुलगी कल्याणच्या महाविद्यालयात शिकते. महापालिकेच्या सीमेवर वळून माघारी जाणारी बस या कुटुंबाच्या उपयोगाची नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवड येथील दोन स्वतंत्र परिवहन सेवा २००७ साली एकत्र करण्यात आल्या, त्यामागे हाच विचार होता. या परिसरातील स्थानिक संस्थांनी मार्ग, वेळापत्रक आणि पास यांबाबत परस्परांशी मेळ घातला, तर थोड्या गाड्यांतही मोठे काम होऊ शकेल.

थांब्यापासून सुरुवात

मोठ्या योजनांना वेळ आणि पैसा लागतो. परंतु काही सुधारणा अल्प खर्चात होण्यासारख्या आहेत. स्थानकातून बाहेर पडताच बस दिसावी अशी जागा तिला राखून ठेवणे, थांब्यावर पावसा-उन्हापासून निवारा, दिवा आणि बसावयास बाक देणे, मार्गफलक मराठीत ठळक लिहिणे, वेळापत्रक थांब्यावर लावणे आणि लोकलच्या वेळांशी त्याचा मेळ घालणे, या बाबी साध्या आहेत. कल्याण-बदलापूर रस्त्यासारख्या मुख्य मार्गावर गर्दीच्या वेळी वाहने उभी करण्यास मनाई करून ती कसोशीने अमलात आणली, तर वर सांगितलेल्या गणितानुसार नवी गाडी न घेताही फेऱ्या वाढतील. ब्राझीलमधील कुरितिबा या शहराने १९७४ पासून बससाठी स्वतंत्र मार्गिका राखून जे साधले, त्याचे मूळ तत्त्व एवढेच आहे की रस्त्याची वाटणी वाहनांच्या संख्येवर न करता माणसांच्या संख्येवर करावी.

नागरिकांच्या बाजूनेही काही कर्तव्ये आहेत. थांब्यावर रांग लावणे, सुट्टे पैसे जवळ बाळगणे, बसच्या मार्गात वाहन उभे न करणे आणि फेरी बंद झाल्यास संबंधित कार्यालयाकडे लेखी मागणी नोंदविणे, या गोष्टी लहान वाटल्या तरी परिणामकारक आहेत. आगारप्रमुखाकडे आलेला गावकऱ्यांचा एक सह्यांचा अर्ज अनेकदा फेरी पुन्हा सुरू होण्यास पुरेसा ठरतो, कारण कोणत्या वेळी किती प्रवासी मिळतील याची खात्रीची माहिती त्यातून मिळते.

घरदार गमावून आलेल्या माणसांनी सैनिकांच्या रिकाम्या बराकींतून एक शहर उभे केले. त्या शहराला रेल्वेने मुंबईशी जोडले. आता त्याच शहराचे पाच कॅम्प एकमेकांशी, शेजारच्या गावांशी आणि रेल्वे न पोहोचलेल्या पाड्यांशी जोडण्याचे काम शिल्लक आहे. पुन्हा सुरू झालेल्या नगर बसला या खेपेस आर्थिक तरतुदीचे, मोकळ्या रस्त्याचे आणि नियमित प्रवाशांचे पाठबळ मिळाले, तर ती टिकेल. अन्यथा पुढच्या पुरात किंवा पुढच्या साथीत, लोकल थांबल्यावर कामावर निघालेल्या परिचारिकेला थांब्यावर उभे राहून ज्या गाडीची वाट पाहावी लागेल, ती गाडी आगारात असणार नाही. तिची तरतूद आजच करावयाची आहे.